वरची तार

आमच्या ह्यांना गिटारचं वेड लागलं त्याला मी कारण आहे, असं आमची लेक म्हणते. म्हणू दे. मी काही कुणाला गिटार आणा म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्या गळ्यात गाठ झाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि तिच्यासोबत माझे वरचे सूरही गेले, एवढाच काय तो माझा गुन्हा.

हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. आसपासच्या सगळ्या इमारतींत त्यांना लिफ्टवाले म्हणूनच ओळखतात. उभा जन्म मोटारींच्या घरघरीत गेल्यामुळे कान जरा जाड झालेत, आणि बोटं अशी की सुईत दोरा ओवायला दिला तर सुईच हरवते. पण कामाला माणूस चोख. लिफ्ट थांबली की आतली फरशी आणि बाहेरची फरशी एका रेषेत यायला हवी, नाहीतर माणसं ठेचकाळतात. ते जुळवायला हे जेवणखाण विसरतात. बुटाचं टोक त्या फटीवरून पुढे-मागे फिरवतात आणि कुठे अडलं नाही की म्हणतात, "आली लेव्हलला." आनंद झाला की यापलीकडे त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही. लग्नानंतर माझ्या हातचं पहिलं जेवण जेवून उठले तेव्हाही हेच म्हणाले होते, आणि हे कौतुक की तक्रार याचा मी दोन दिवस विचार करत बसले होते.

मी कपडे अल्टर करून देते. कुणाची पँट आखूड, कुणाचा ब्लाउज घट्ट, कुणाला कोटाची बाही लांब. खिडकीशी मशीन आहे आणि मशीनवर बसलं की मी गायची. गाते आहे हे मला कळायचंही नाही. गिऱ्हाईक जिन्यातूनच ओळखायचं की बाई घरात आहेत. शिवाय शनिवारी संध्याकाळी बायकांचा गाण्याचा ग्रुप. तिथे मी पहिल्या रांगेत, मधोमध. मास्तरीणबाई पेटी धरायच्या, काळी चारचा सूर द्यायच्या, आणि सगळ्या बायका आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या.

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "आवाज छान आलाय की तुमचा. बोलण्यापुरता अगदी मोकळा." बोलण्यापुरता. त्यांना काय सांगणार? घरी येऊन मशीनवर बसले, सवयीने तोंड उघडलं आणि वर जाताना आवाज असा फाटला की माझी मीच दचकले. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. त्या दिवसापासून मशीन मुक्याने चालायला लागलं. मला पुन्हा गाता यावं एवढं एकच मला हवं होतं, आणि तेच आता होणार नाही असं मी ठरवून टाकलं होतं. एकदा ठरवलं की रोज रोज जीव जळत नाही, असं मला वाटलं होतं. तो रोजच जळत होता.

हे तसे मुखदुर्बळ. पण एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "तुझी पट्टी खाली गेलीय ना? मग गाणं खाली आणू."

"गाणं म्हणजे काय लिफ्ट आहे, खाली आणायला?"

"तसंच काहीतरी असणार," हे म्हणाले आणि कप विसळून कामाला गेले.

त्या आठवड्यात घरात गिटार आली. कुणी भाडेकरू घर सोडताना मागे टाकून गेला होता, ती तिथल्या वॉचमनने ह्यांच्या गळ्यात मारली. एका बाजूला पोचा आलेला, पट्टा तुटलेला. तारा मात्र सगळ्या होत्या. हे म्हणाले, "ऑनलाइन शिकणार. फुकट असतं सगळं."

मी म्हटलं, "शेजाऱ्यांनाही फुकटच ऐकू जाणार."

फोनवर ह्यांनी एक मास्तर शोधला. पोरगेलासा, केसांची मागे शेपटी बांधलेला. मी त्याचं नाव शेपटीवाला ठेवलं. प्रत्येक वेळी दात दाखवत यायचा, "चला तर मग मित्रांनो," म्हणायचा, आणि आता काहीतरी सांगेल असं वाटेपर्यंत मध्येच साबणाची जाहिरात. हे ती जाहिरातसुद्धा मान हलवत, शिकल्यासारखे बघायचे.

आता ह्यांचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. कुठलंही नवीन यंत्र घरात आलं की सोबतचं माहितीपत्रक हे आधी बाजूला टाकतात. "यंत्र समोर आहे, त्याला वाचायचं काय?" गिटारच्या वेळीही तेच. शेपटीवाल्याचा पहिला धडा होता 'गिटारची ओळख'. हे म्हणाले, "ओळख कशाला? मांडीवर तर घेऊन बसलोय." आणि थेट दुसऱ्या धड्याला हात घातला. दुसरा धडा स्केलचा.

"अगं, आजपासून स्केल," हे मला आतून ओरडून म्हणाले. मी कापड आखत होते, हातातली लाकडी पट्टी नेऊन दिली. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "ही नव्हे. सुरांची." मी म्हटलं, "मग तीही पट्टीच की. आमच्या मास्तरीणबाई पट्टीच म्हणतात." तर हे म्हणाले की नाही, पट्टी म्हणजे कुठून सुरुवात करायची ते आणि स्केल म्हणजे पुढे कुठे कुठे थांबायचं ते. आयुष्यात ज्या माणसाने आंघोळीतही कधी गुणगुणलं नाही, तो मला पट्टी म्हणजे काय ते सांगत होता. मी माझी पट्टी घेऊन परत मशीनवर आले.

मग जेवताना, भाजी चिरताना, झोपायच्या आधी एकच जप, "पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धा." माझे कान किटले. ह्यांनी सगळं इमारतीवर बसवलं होतं. सी, म्हणजे धड्यातला सा, तो तळमजला. सीच्या नि डीच्या मध्ये एक पोटमाळा. डीच्या नि ईच्या मध्ये एक. पण ईवरून एफला जाताना मध्ये काहीच नाही, म्हणून तो टप्पा अर्धा. "का नाही?" हे मला विचारायचे. "बिल्डरने का नाही काढला तिथे?"

"अहो, ग आणि म जवळजवळ असतात. लहानपणापासून मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक आहे, पण का ते ठाऊक नाही."

"तुम्हाला का ते कळून तुमचं वाजायला लागणार आहे का?"

वाजत तर नव्हतंच. घोडं पेंड खात होतं ते तिथेच. शेपटीवाला पडद्यावर बोटं फिरवायचा आणि खाली एक चित्र यायचं, सहा आडव्या रेघा आणि त्यांवर आकडे. रेघ म्हणजे तार, आकडा म्हणजे तारेवर बोट कुठे ठेवायचं ते. फोन तेवढासा, त्यात ह्यांचा चष्मा जुना, त्यामुळे हे मास्तरच्या बोटांकडे बघायचेच नाहीत. "माणूस चुकेल, ड्रॉइंग चुकत नाही," म्हणायचे. तारांना टोकाशी चिकटपट्टीचे तुकडे लावून एक ते सहा नंबरही टाकले, अगदी पॅनेलमधल्या वायरींना टाकतात तसे. आणि मग कामावरून आल्यावर, हातपाय धुऊन, समोर फोन उभा करून सुरू. टँव. टुक. टींग. टँव.

काय वाजवताय म्हणून विचारलं तर म्हणे सा रे ग म. मला हसू आलं, मग राग आला. सप्तक चढतं. हे ह्यांचं उतरत होतं, तेही सरळ नाही. पहिला सूर एकीकडे, दुसरा त्याच्या बराच खाली, तिसरा किंचित वर, मग पुन्हा धपकन खाली. मी म्हटलं, "अहो, वरचं बटण दाबलंय आणि तुमची लिफ्ट चाललीय तळघरात." हे म्हणाले, "बोटं दाबली जात नाहीयेत नीट. होईल." मला वाटलं, संपलं, ह्यांना सूरच कळत नाही. जाड कानांचा माणूस, त्याला काय म्हणायचं? आणि काय चुकतंय ते दाखवायचं तर मला गाऊन दाखवावं लागणार होतं. ते मी करणार नव्हते.

बोटांची तर दशा झाली. टोकं लाल, मग सोललेली, मग कडक. रात्री कोमट पाण्यात बुडवून बसायचे. कामावर स्क्रूड्रायव्हर धरताना चेहरा वाकडा व्हायचा म्हणे, त्यांच्या जोडीदाराने मला फोन करून विचारलं की वहिनी, दादांना काही झालंय का. शेजारणीने माझ्याकडे फाटलेला पडदा शिवायला आणला आणि जाता जाता म्हणाली, "भावजी अजून शिकतायत वाटतं." मी म्हटलं, "हो. पडदा जाड कापडाचा घ्या पुढच्या वेळी."

लेकीला फोनवर सगळं गाऱ्हाणं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा तुझ्यासाठी करतायत." मला ते ठाऊक नव्हतं का? तेच तर डोक्यात जात होतं. बरं, दुसऱ्या कशासाठी केलं असतं तर गिटार उचलून माळ्यावर टाकली असती. माझ्यासाठी म्हटल्यावर मला रागवायचीसुद्धा सोय उरली नाही. रोज संध्याकाळी तो बेसूर ऐकायचा आणि आठवायचं की आपल्याला हे नीट करून दाखवता आलं असतं, आता येत नाही. लेक म्हणाली, "तू शनिवारी ग्रुपला तरी जा. घरात कुढत बसू नकोस." तिच्या हट्टापायी गेले.

हॉलमध्ये सगळ्या बायका भेटल्या, तब्येत विचारली, छान वाटलं. मी मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, थोडी पट्टी उतरवता येईल का? मला वरचं लागत नाही आता." त्या स्वभावाने वाईट नाहीत. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, एकीसाठी सगळ्यांची पट्टी कशी उतरवू? बाकीच्यांना खालचं लागणार नाही. तुम्ही असं करा, मागच्या रांगेत उभ्या राहा आणि वरचा भाग आला की नुसते ओठ हलवा. कुणाला कळत नाही."

मी उभी राहिले मागे. खालचा भाग म्हणायला गेले, पण पुढे काय येणार याच्या धास्तीने तोही गळ्यातच राहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते ओठ हलवले. संपल्यावर माझ्या शेजारची बाई वळून म्हणाली, "आज काय छान लागला हो तुमचा आवाज."

कुणी तोंडात मारली असती तर परवडलं असतं. मी चपला घातल्या आणि निघाले. रस्ताभर मला एवढंच कळत होतं की मी गायले काय आणि न गायले काय, कुणाला पत्ताच लागत नाही. जिन्यात पाय ठेवला आणि वरून आलं, टँव. टुक. टींग. टँव.

दार उघडून पर्स फेकली ती थेट कापडांच्या ढिगावर. "बंद करा ते."

ह्यांनी मान वर केली. "काय झालं?"

"किती दिवस चाललंय हे? एक सप्तक सरळ येत नाही तुम्हाला. रोज तेच, रोज तेच चुकीचं, आणि वर मान हलवून होईल म्हणायचं. काही होणार नाहीये. माझं होणार नाहीये आणि तुमचंही होणार नाहीये. दोघांनी ओठ हलवत बसू या."

"चुकीचं म्हणजे नक्की कुठे चुकतंय?" हे म्हणाले. या माणसाला भांडतासुद्धा येत नाही.

"कुठे म्हणून काय विचारता? सगळंच. सा, रे, ग, म," मी म्हटलं, आणि म्हणत गेले. रागाच्या भरात, फाटक्या, जड आवाजात, जिथून आला तिथून. "याच्यानंतर वर जायचं असतं, वर. हा सा, मग रे त्याच्या वर. जा वर."

ह्यांनी हात छताच्या दिशेने वरच्या तारेवर नेला आणि छेडली. सूर गेला खाली.

"वर म्हणतेय ना मी."

"वरच जातोय." आणखी वरची तार. आणखी खालचा सूर.

"अहो, वर. वर कळतं का तुम्हाला? जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात."

"हे काय मग?" ह्यांनी बोट दाखवलं. "ही सगळ्यात वरची तार. एक नंबर. हिच्यावर थेट छतच."

मी बघितलं. चिकटपट्टीवर ह्यांच्या अक्षरात एक लिहिलेलं. तार सगळ्यात जाड, सगळ्यात वर, आणि आवाज सगळ्यात खालचा. मी म्हटलं, "वर म्हणजे आवाजाने वर. तुमच्या छताकडे नव्हे."

ह्यांनी फोनवरच्या चित्राकडे बघितलं, गिटारकडे बघितलं. मग फोन हातात घेऊन उलटा धरला. चित्र त्या शहाण्या फोनने आपणहून पुन्हा सरळ केलं. ह्यांनी पुन्हा उलटा केला, ते पुन्हा सरळ झालं. शेवटी फोन ठेवून मान वाकडी करून बघितलं, आणि हळूच म्हणाले, "चित्रातली वरची रेघ म्हणजे खालची बारीक तार. एक नंबर ती. मी सगळं उलटं वाजवतोय."

"पहिला धडा बघितला असता तर कळलं असतं," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले. एवढी बोटं सोलून घेतल्यावर माणसाने निदान कपाळावर हात मारावा, तर तेही नाही. एकेक चिकटपट्टी सोडवून नंबर बदलले. मग चित्र मनात उलटं करत, अडखळत, सीपासून सुरू केलं. आणि आलं. सा रे ग म प ध नि सा. खडबडीत, पण चढत गेलं. जाड कानांच्या माणसालाही कळलं असावं, कारण शेवटच्या सा वर त्यांचा हात थांबला.

"आता म्हण याच्याबरोबर," हे म्हणाले.

मी म्हणून बघितलं. मधेच आवाज फाटला. मी उठले. "बघितलंत? तुमचं बरोबर आलं तरी माझं नाही येत. माझी पट्टी नाही ती."

"बस. मघाशी रागावून म्हणालीस ते कुठून म्हणालीस?"

"मला काय माहीत? रागात माणूस पट्टी बघतो का?"

"तसंच म्हण. तू हलू नकोस तिथून. मी येतो तिथे."

मी तोंड वाकडं केलं, पण बसले. डोळे मिटले आणि जिथे आवाजाला त्रास होत नव्हता तिथे सा धरला. जड, माझ्या ओळखीचा नसलेला. ह्यांनी मधली एक तार छेडली. नाही. बोट सरकवलं. नाही. मला श्वास संपून पुन्हा सुरुवात करावी लागली. हे खाली गेले, पुढे गेले, तारेवरचं एक एक घर दाबत, मान तिरकी, कान गिटारच्या लाकडाला जवळजवळ लावलेला. जवळ यायचं आणि निसटायचं. मला वैताग यायला लागला. मी म्हणणार होते की राहू द्या, तेवढ्यात ह्यांनी बोटं तारांवरून उचलली आणि सगळ्यात वरची, जाड तार नुसती मोकळी छेडली.

सूर माझ्या आवाजाच्या खाली येऊन उभा राहिला. एक सप्तक खालचा, पण माझाच सा. कुठे अडलं नाही.

"आली लेव्हलला," हे म्हणाले.

त्या तारेला बोटच लावायचं नव्हतं. एवढे दिवस बोटं सोलून घेतली आणि माझी पट्टी होती मोकळ्या तारेवर, सगळ्यात वर. मी त्यावर एक ओळ म्हटली, जी मशीनवर नेहमी म्हणायची ती. अर्ध्यात खरखर आली, एक जागा हुकली. वरचा सा लागला नाही, आता लागणारही नाही, ते मला कळलं. पण ओळ पूर्ण झाली. हे ती एकच तार वाजवत होते, दुसरं काही येतच नव्हतं त्यांना. मला रडू कोसळलं, आणि रडताना गाता येत नाही हे मला पहिल्यांदाच कळलं. हे घाबरून थांबले.

"थांबू नका," मी त्यांच्यावर खेकसले. "मी म्हणतेय तोवर वाजवत राहा."